रिस्टोर्ड आवृत्ती आणि डायरेक्टर्स कट: कारकीर्द मिळून लिहिणाऱ्यांसाठी

एका दिग्दर्शकाचे सिनेमे पाच-सहा जणांनी वाटून घेतले आणि त्याच्या कारकिर्दीवर लिहायला बसले, की घोळ आवृत्त्यांपासून सुरू होतो. एकाने पाहिलेल्या ‘ब्लेड रनर’मध्ये नायकाचं निवेदन आहे, शेवटही गोड आहे. दुसऱ्याने पाहिलेल्या ‘ब्लेड रनर’मध्ये यातलं काहीच नाही. आणि त्याचा दिग्दर्शक रिडली स्कॉट १९८२ साली काय विचार करत होता, हे दोघंही ठामपणे सांगतात. पहिल्याने १९८२ चा सिनेमा पाहिलाय, दुसऱ्याने बहुधा २००७ चा ‘फायनल कट’. त्याच्या फाइलवर ‘रिस्टोर्ड’ असं लिहिलेलं होतं, आणि तेही खरंच आहे.

रिस्टोरेशनचा संबंध सिनेमाच्या प्रकृतीशी असतो. मूळ निगेटिव्ह किंवा उरलेल्यांतली सर्वांत चांगली प्रत शोधायची, ती साफ करून फ्रेम-फ्रेम स्कॅन करायची, ओरखडे काढायचे, हलणारं चित्र स्थिर करायचं, उडालेले रंग परत आणायचे. शॉटचा क्रम मात्र जसा होता तसाच ठेवायचा. सत्यजित राय यांच्या अपू चित्रत्रयीच्या मूळ निगेटिव्ह १९९३ मध्ये लंडनमधल्या लॅबच्या आगीत होरपळल्या. २०१५ मध्ये आलेल्या ४के (सुमारे चार हजार पिक्सेल रुंदीच्या) रिस्टोरेशनसाठी त्या जळक्या रिळांमधला जमेल तेवढा भाग वाचवला गेला आणि उरलेला इतर प्रतींमधून घेतला गेला. एवढं सगळं होऊनही त्यातला पहिला ‘पथेर पांचाली’ १९५५ चाच सिनेमा राहिला.

डायरेक्टर्स कटमध्ये, म्हणजे दिग्दर्शकाने नंतर आपल्या मनासारख्या केलेल्या आवृत्तीत, संकलनच बदलतं. ‘अपोकॅलिप्स नाऊ’ १९७९ मध्ये आला. २००१ मध्ये त्याची २०२ मिनिटांची आवृत्ती निघाली, २०१९ मध्ये १८३ मिनिटांची. पहिल्या वेळी दिग्दर्शक फ्रान्सिस फोर्ड कोपोला चाळिशीत पोचला होता, तिसऱ्या वेळी ऐंशीचा होता. म्हणून कारकिर्दीच्या लेखात डायरेक्टर्स कटची जागा तो तयार झाला त्या वर्षापाशी. २००१ मध्ये परत घातलेलं दृश्य शूट १९७० च्या दशकातलं असलं, तरी ते ठेवावंसं वाटलं ते २००१ च्या कोपोलाला. ऐंशीच्या म्हाताऱ्याने केलेली काटछाट चाळिशीतल्या माणसाच्या नावावर मांडायची, ही अशा लेखमालांमधली सर्वांत मोठी चूक आहे.

नुसत्या लांबीवरून काहीच ठरवू नये. फ्रिट्झ लांगच्या ‘मेट्रोपोलिस’ची (१९२७) कापली गेलेली बरीच दृश्यं २००८ मध्ये ब्युनोस आयर्समध्ये १६ मिमी प्रतीत सापडली आणि २०१० च्या आवृत्तीत जोडली गेली. सिनेमा बराच लांबला, तरी हे रिस्टोरेशनच: नवं संकलन न करता जुनं परत उभं केलं. जोडलेला भाग ओरखड्यांमुळे लगेच ओळखू येतो.

उलट, लांबी कमी दिसली म्हणजे कात्री लागलीच असंही नाही. सेकंदाला २४ फ्रेमचा सिनेमा पाल (PAL, युरोप-भारतातली टीव्ही पद्धत) पद्धतीच्या जुन्या डीव्हीडीवर सेकंदाला २५ फ्रेमने धावतो. परिणामी दर २५ मिनिटांमागे एक मिनिट गळतं. १०० मिनिटांचा सिनेमा ९६ मिनिटांत संपतो, आणि बहुतेक वेळा आवाजही थोडा चढा लागतो. तपासायची रीत सोपी आहे. दोन्ही प्रतींमध्ये सहज ओळखू येतील असे पाच-सहा शॉट निवडा (सुरुवातीचा, शेवटचा आणि मधले तीन-चार) आणि प्रत्येकाची वेळ टिपा. फरक हळूहळू, एकसारखा वाढत गेला तर तो वेगाचा. एका जागी एकदम उडी दिसली, तर तिथे काहीतरी कापलंय किंवा घातलंय. सुरुवातीचे कंपन्यांचे लोगो वजा करायला विसरू नका, नाहीतर सगळीच बेरीज चुकते.

काही आवृत्त्या मात्र कुठल्याच खणात बसत नाहीत. ‘टच ऑफ ईव्हल’ची १९९८ ची आवृत्ती संकलक वॉल्टर मर्चने दिग्दर्शक ऑर्सन वेल्सच्या ५८ पानी टिपणावरून संकलित केली. वेल्स १९८५ मध्येच वारला होता, तेव्हा तिला डायरेक्टर्स कट म्हणणं धाडसाचं. ‘टिपणावरून केलेलं पुनर्संकलन’ म्हणा. ‘शोले’च्या २०२५ मधल्या रिस्टोरेशनमध्ये १९७५ च्या प्रदर्शनाआधी बदलावा लागलेला शेवट परत आला, म्हणजे एकात दोन्ही. सर्वांत फसवा प्रकार हाँगकाँगचा दिग्दर्शक वाँग कार-वाय याचा. त्याच्या सिनेमांच्या ४के रिस्टोरेशनमध्ये त्याने स्वतःच रंग बदलले, ‘फॉलन एंजल्स’ची १.८५:१ ची चौकट (रुंदी : उंची) २.३९:१ केली. पाटी रिस्टोरेशनची, काम बरंचसं डायरेक्टर्स कटचं. ती आवृत्ती पाहून नव्वदच्या दशकातल्या त्याच्या हिरव्या छटांवर परिच्छेद लिहिणारा फसलाच.

रंग आणि ध्वनीबद्दल एरवीही जपूनच लिहावं. ग्रेडिंग (रंगांची जुळवणी) नव्याने होतं, मोनो (एकाच वाहिनीच्या) ध्वनीचा ५.१ (सभोवती ऐकू येणारा) केला जातो, ग्रेन (फिल्मचे बारीक कण) जास्त पुसला की चेहरे मेणासारखे गुळगुळीत होतात. यातलं काहीही दिग्दर्शकाची शैली म्हणून मांडण्याआधी जुन्या प्रतीशी ताडून पाहा. ‘४के’ या शब्दावरही विसंबू नका. एखाद्या झिजलेल्या प्रिंटचंही ४के स्कॅन होतं.

तेव्हा लिहायला घेण्याआधी सगळ्यांनी मिळून एक तक्ता करावा. त्यात सिनेमा, पहिल्या प्रदर्शनाचं वर्ष, पाहिलेल्या आवृत्तीचं वर्ष, मिनिटं-सेकंदांत लांबी, फ्रेमचा वेग, चौकटीचं प्रमाण, आणि रिस्टोरेशन कशावरून झालं ते (सुरुवातीच्या किंवा शेवटच्या पाटीवर हे बहुधा लिहिलेलं असतं). मूळ आवृत्ती मिळत असेल तर मुख्य लेख तिच्यावर आणि नंतरच्या कटवर वेगळी टीप, असा नियम पहिल्याच दिवशी करावा. मूळ आवृत्ती मिळतच नसेल, तर लेखाच्या पहिल्या ओळीत पाहिलेल्या आवृत्तीचं वर्ष द्यावं.