रैन बसेरा किती जण चालवतात? इंदूरच्या आकड्यांची पार्श्वभूमी

इंदुरात बेघरांविषयी लिहायचे म्हटले की होळकरांच्या धर्मशाळांपासून सुरुवात करण्याची रीत आहे. पण रैन बसेऱ्यांत, म्हणजे बेघरांच्या निवाऱ्यांत, रात्रपाळीला किती माणसे लागतात, याचे उत्तर तिथे सापडत नाही. हा प्रश्न 2010 नंतरचा. अन्नहक्काच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या वर्षी शहरांना निवारे उभारायला सांगितले. 2013 मध्ये शहरी उपजीविकेचे केंद्रीय अभियान आले आणि एक लाख वस्तीमागे 100 जणांची सोय हे माप ठरले.

कर्मचाऱ्यांचे माप मात्र माणसांना न लावता इमारतीला लावले गेले: दर निवाऱ्याला एक व्यवस्थापक आणि आठ-आठ तासांच्या पाळीसाठी किमान तीन केअरटेकर. सगळा घोळ इथून सुरू होतो. आठवड्याला 21 पाळ्या. प्रत्येकाला एक सुट्टी द्यायची तर एक जण सहाच पाळ्या करणार, म्हणजे साडेतीन माणसे हवीत. ते वरचे अर्धे माणूस मंजुरीत नसते. कोणी आजारी पडले की डबल पाळी ठरलेली.

निवारा 50 जणांचा की 100 जणांचा, हे स्थानिक पातळीवर ठरते. 2011 च्या जनगणनेत नगर निगम (महापालिका) हद्दीची लोकसंख्या 19 लाख 64 हजार होती, म्हणजे सुमारे 2,000 जणांची सोय व्हायला हवी. ती 100 जणांच्या 20 निवाऱ्यांत केली तर 60 केअरटेकर, 50 जणांच्या 40 निवाऱ्यांत केली तर 120. झोपणारे तेवढेच! सुट्ट्या धरल्या तर आकडे 70 आणि 140 होतात. शिवाय सरवटे बसस्टँडवर उतरलेला मजूर, एम. वाय. रुग्णालयातल्या रुग्णाचे नातेवाईक आणि अंथरुणाला खिळलेली निराधार म्हातारी यांना या मापात एकच वजन आहे. नियमाच्या बाजूने एवढे म्हणता येईल की तो नसता तर कित्येक ठिकाणी एका चौकीदारावरच भागवले गेले असते.

निवारे संस्थांकडे चालवायला देण्याची मुभाही त्याच नियमांत होती. अशा ठिकाणी केअरटेकर संस्थेचा माणूस ठरतो आणि निगमच्या पगारपत्रकात दिसत नाही. वर जाणाऱ्या अहवालांचा भर निवारे किती आणि क्षमता किती यांवर. केअरटेकरांचा अनुभव किती, प्रशिक्षण काय झाले, किती जण वर्षाच्या आत सोडून गेले, हे विचारल्याशिवाय पुढच्या हिवाळ्याची भरती कशी ठरवणार? 2017 पासून स्वच्छतेत पहिला नंबर राखणाऱ्या या शहराला 85 वॉर्डांतल्या झाडूवाल्यांचा हिशेब ठेवता येतो. तेव्हा केअरटेकरांचा हिशेब जमणार नाही, असे मानायला मी तयार नाही.

जानेवारी 2021 मध्ये या अनामिक मनुष्यबळाकडे पहिल्यांदा सगळ्यांचे लक्ष गेले, तेही वाईट निमित्ताने. कडाक्याच्या थंडीत बेघर वृद्धांना निगमच्या गाडीत घालून शहराबाहेर शिप्रा नदीजवळ उतरवले गेले. गावकऱ्यांनी अडवल्यावर त्यांना परत गाडीत बसवावे लागले. व्हिडिओ देशभर फिरला, एक वरिष्ठ अधिकारी निलंबित झाला आणि खालच्या कंत्राटी कर्मचाऱ्यांना कामावरून काढले. हे काम कोणाला दिले होते आणि म्हाताऱ्या माणसांना कसे हाताळायचे हे त्यांना कोणी शिकवले होते, यापेक्षा कारवाईचीच चर्चा जास्त झाली.

त्यानंतर कामाचा पसारा वाढतच गेला. 2022 मध्ये भीक मागणाऱ्यांच्या पुनर्वसनाची केंद्रीय योजना आली, इंदूर तिच्या पहिल्या शहरांत होते. 1 जानेवारी 2025 पासून भीक देणाऱ्यावरही गुन्हा नोंदवण्याचा आदेश निघाला. भीक मागणाऱ्यांना उचलणारी पथके दुसऱ्या खात्याची, त्यांची हजेरीही वेगळी. रस्त्यावरून उचललेल्या माणसाला रात्री सांभाळणारा आणि सकाळी त्याचा जबाब घेणारा अशी दोन माणसे दोन वह्यांत आहेत. त्यात शहरी उपजीविकेच्या मूळ अभियानाची मुदत 30 सप्टेंबर 2024 ला संपली, त्यामुळे केअरटेकरच्या पगाराचा प्रश्नही या मनुष्यबळाच्या प्रश्नाला येऊन मिळाला आहे.

2027 च्या जनगणनेत बेघरांची मोजणी एका रात्रीत होईल. व्यवसायांच्या राष्ट्रीय वर्गीकरणात इमारतीच्या केअरटेकरला स्वतःचा गट आहे. रैन बसेऱ्यातला केअरटेकर त्याच गटात टाकला गेला, तर अपार्टमेंटच्या जिन्याची देखरेख करणारा आणि तो एकाच रकान्यात येतील, आणि निवाऱ्यांपुरता आकडा निगमला स्वतःच काढावा लागेल.