टेलिफोटो झूममधला स्टॅबिलायझर : घरघर, खडखड आणि ट्रायपॉडचा जुना वाद

टेलिफोटो झूम (दूरचं जवळ आणणारी, कमीजास्त करता येणारी लेन्स) घरघरते, हलवल्यावर आतून खडखड ऐकू येते, ट्रायपॉडवर ठेवली तरी चित्र थरथरतं. लेन्समध्ये स्टॅबिलायझर, म्हणजे हाताचा कंप भरून काढणारी यंत्रणा, आली तेव्हापासून या तीन तक्रारी सुरू आहेत. बिघाड शोधण्याआधी लेन्स कोणत्या पिढीची आहे ते पाहावं लागतं, कारण एका पिढीत नेहमीचा असलेला आवाज दुसऱ्या पिढीत दोषाची खूण ठरू शकतो.

फोटोग्राफीच्या आधी चित्र स्थिर ठेवण्याची गरज सिनेमा आणि व्हिडिओवाल्यांना पडली. १९७०च्या दशकात कॅमेरा अंगावर पेलायचा स्प्रिंगचा सांगाडा आला, १९८०च्या दशकाच्या अखेरीस घरगुती कॅमकॉर्डरमध्ये कंप ओळखणारे सेन्सर बसले. १९९४ मध्ये एका कॉम्पॅक्ट फिल्म कॅमेऱ्यात ही सोय मिळाली आणि १९९५ मध्ये ७५-३०० मिमीच्या झूमने ती एसएलआरच्या (आरशातून नेम धरायच्या कॅमेऱ्याच्या) बदलता येणाऱ्या लेन्समध्ये आणली. दावा २ स्टॉपचा होता, म्हणजे चौपट संथ शटरवरही हातातून स्पष्ट चित्र. हाफ प्रेस केल्यावर (शटरचं बटण अर्धं दाबल्यावर) चित्र स्थिरावायला सुमारे एक सेकंद लागायचा.

रचनेचा गाभा तेव्हापासून फारसा बदललेला नाही. दोन छोटे जायरो (फिरणं ओळखणारे) सेन्सर उभं आणि आडवं डोलणं मोजतात, प्रोसेसर हिशेब करतो आणि कॉइल व चुंबक मिळून काचांचा एक गट उलट दिशेला सरकवतात. शरीराच्या नैसर्गिक थरथरीचा मोठा भाग सेकंदाला ८ ते १२ वेळा या पट्ट्यात येतो. यंत्रणा मुख्यतः अशा संथ हालचालींसाठी जुळवलेली असते. घरघर येते ती सेन्सर आणि कॉइलची. हाफ प्रेस करताना ऐकू येणारं ‘टक्’ म्हणजे काचांच्या गटाचं कुलूप उघडणं. बोट काढल्यावर थोड्या वेळाने दुसरं ‘टक्’ येतं आणि गट पुन्हा जखडला जातो. दोन्ही वेळी व्ह्यूफाइंडरमधलं चित्र किंचित उडी मारतं. तेही नेहमीचंच.

स्टॅबिलायझर चालू असतानाच लेन्स काढली किंवा बॅटरी ओढली, की कुलूप लागायचं राहून जातं आणि बॅगेतली लेन्स खडखडायला लागते. उपाय सोपा आहे : लेन्स परत बसवायची, हाफ प्रेस करायचं, दुसऱ्या ‘टक्’ची वाट पाहायची, मग कॅमेरा बंद करायचा. जुन्या लेन्सच्या खडखडीच्या कितीतरी तक्रारी इथेच मिटतात.

खरा गुंता ट्रायपॉडचा. पहिल्या पिढीच्या माहितीपुस्तिकेत सूचना सरळ होती : ट्रायपॉडवर स्टॅबिलायझर बंद करा. त्यामागचं कारणही पक्कं होतं. पूर्ण स्थिर असतानाही जायरोचा सिग्नल शून्यावर टिकत नाही, हळूहळू सरकतो. प्रोसेसरला ती हालचाल वाटते आणि तो काच सरकवतो. काच सरकल्याचा सूक्ष्म धक्का नळीत उतरतो, ताठ ट्रायपॉडमुळे जिरत नाही आणि सेन्सर तोच धक्का नव्याने वाचतो. लाइव्ह व्ह्यू (मागच्या स्क्रीनवरचं थेट चित्र) १० पट मोठा करून दूरच्या खांबाच्या कडेवर नजर ठेवली तर हे दिसतं : कड एका बाजूला सावकाश वाहत जाते, मग झटक्याने परत येते.

१९९९ मध्ये आलेल्या मोठ्या टेलिफोटो लेन्सनी यावर वेगळा मार्ग काढला. लेन्स ट्रायपॉड स्वतः ओळखेल आणि वागणं बदलेल, असं ठरलं. पुढे काही लेन्स ट्रायपॉडवर स्टॅबिलायझर आपोआप थांबवू लागल्या, काही आरशाच्या आणि शटरच्या धक्क्यांसाठी तो वेगळ्या पद्धतीने चालू ठेवू लागल्या. इतर काही निर्मात्यांनी हे लेन्सच्या मर्जीवर न सोडता स्विचवरच ‘ट्रायपॉड’ अशी वेगळी जागा दिली. मला हाच मार्ग प्रामाणिक वाटतो. स्वयंचलित ओळखीची सोय कागदावर छान दिसते, पण लेन्स या घडीला काय समजून चालली आहे हे बाहेरून कळायला काहीच साधन नाही. ट्रायपॉडचं हेड किंचित ढिलं असलं, वारा असला, किंवा गिंबल हेड (जड लेन्स तोलून सहज फिरवू देणारं) मोकळं सोडलं असलं, तर तो ट्रायपॉड की हात? घरघर चालू राहिली तर ती धक्के जिरवण्याची पद्धत की फसलेली ओळख? ‘बंद करा’ आणि ‘चालू ठेवा’ हे दोन्ही सल्ले आजही तितक्याच ठामपणे दिले जातात. दोन्ही कुठल्या ना कुठल्या पिढीच्या लेन्ससाठी खरे आहेत. पॅनिंगची (धावत्या गोष्टीमागे कॅमेरा फिरवण्याची) सोय मात्र १९९७ पासूनच स्विचवर आली होती आणि तिच्यावर असा वाद झाला नाही.

२००८ पासून डीएसएलआर (डिजिटल एसएलआर) व्हिडिओ घेऊ लागले आणि एरवी कोणाच्या कानावर न येणारी घरघर कॅमेऱ्याच्या माइकमध्ये उतरू लागली. लेन्स तीच, तक्रार नवी. वेगळा माइक कॅमेऱ्यापासून दूर ठेवला की ती बरीचशी संपते.

थरथरीचा सगळा दोष लेन्सच्या माथी मारता येत नाही, हे २०१५ मध्ये ठळक झालं. ३०० मिमीच्या एका नव्या लेन्समध्ये ठराविक कॅमेरा-बॉडींवर, १/१२५ सेकंदाच्या आसपासच्या शटर-वेगाला, स्टॅबिलायझर चालू असताना चित्रं पुसट येत होती. निर्मात्याने ते मान्य करून फर्मवेअरमधून (लेन्समधल्या सॉफ्टवेअरमधून) दुरुस्ती दिली. ती लेन्स झूम नव्हती, पण तपासणीची रीत झूमलाही लागू पडते : स्टॅबिलायझर चालू आणि बंद ठेवून १/६० ते १/५०० पर्यंत प्रत्येक वेगाला काही फ्रेम घ्यायच्या, मग इलेक्ट्रॉनिक शटरवर (ज्यात पडदा हलत नाही) तेच करायचं. पुसटपणा यांत्रिक शटरवरच आणि मधल्या काही वेगांनाच दिसला, तर संशय शटरच्या धक्क्यावर जातो.

मिररलेस (आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यांच्या काळात खडखडीचा अर्थही बदलला. काही नव्या लेन्समध्ये कुलूपच नसतं, वीज नसली की काचांचा गट मोकळा लोंबतो. लिनियर (सरळ रेषेत सरकवणाऱ्या) मोटरवर चालणारा फोकसचा गटही तसाच. बॉडीतला चित्र टिपणारा सेन्सर हलवून स्थिर करण्याची पद्धत २००३-०४ पासून कॅमेऱ्यांत आहे; अशा काही बॉडी बंद असताना स्वतःच खुळखुळतात. अशा वेळी लेन्स आणि बॉडी वेगवेगळ्या तपासायच्या. दोघांचे स्टॅबिलायझर एकमेकांशी नीट बोलत नसतील तर एकाच हालचालीची दुरुस्ती दोनदा होते आणि चित्र तरंगतं. जुनी किंवा अडॅप्टरवरची झूम असेल तर एक बंद करून पाहायचा.

सर्व्हिस सेंटर गाठायला लावणाऱ्या खुणा थोड्याच आहेत : हाफ प्रेस केल्यावर चित्र एका कोपऱ्यात जाऊन अडकणं, करकर किंवा घासल्याचा आवाज, ‘टक् टक् टक्’ असं कुलूप सतत उघडत-मिटत राहणं, आणि स्टॅबिलायझर बंद असतानाही फ्रेमची एक बाजू कायम मऊ (अस्पष्ट) येणं.