वर्ल्ड सीरिज १९९१ : सातवा सामना

अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉलच्या अजिंक्यपद मालिकेचा निर्णायक सामना. २७ ऑक्टोबर १९९१ रोजी मिनीॲपोलिस शहरातील मेट्रोडोम या छताखालच्या मैदानावर ५५,११८ प्रेक्षकांसमोर तो झाला. मिनेसोटा ट्विन्सने दहाव्या, म्हणजे ठरलेल्या नऊनंतरच्या जादा इनिंगमध्ये (दोन्ही संघांची एकेक पाळी) अटलांटा ब्रेव्ह्जचा १–० असा पराभव केला. आदल्या वर्षी हे दोन्ही संघ आपापल्या विभागात तळाला होते. मालिकेतील सातपैकी पाच सामने एका धावेच्या फरकाने सुटले, तीन जादा इनिंगांपर्यंत लांबले आणि सातही यजमानांनीच जिंकले.

क्रिकेट पाहणाऱ्याला एक धाव किरकोळ वाटेल. बेसबॉलमध्ये मात्र तीन बेस (मैदानावरचे ठरलेले थांबे) पार करून होम प्लेटवर, म्हणजे फलंदाजाच्या मूळ जागी, परतल्यावरच एक धाव मिळते. तीन खेळाडू बाद झाले की संघाची पाळी संपते आणि जो बेसवर राहिला, त्याची सगळी धावपळ वाया जाते. त्यामुळे १–० चा सामना समजून घ्यायचा, तर न झालेल्या धावा आधी पाहाव्या लागतात.

या सामन्यात त्या आठव्या इनिंगमध्ये सापडतात. अटलांटाचा लॉनी स्मिथ पहिल्या बेसवर होता. चेंडू टाकला जाताच तो पळत सुटला आणि टेरी पेंडलटनने डावीकडच्या मोकळ्या जागेत खोलवर फटका मारला. एरवी स्मिथ सहज घरी पोचला असता. पण चेंडू जणू आपल्याच हातात आला आहे, असे सोंग मिनेसोटाचा नवखा चक नॉब्लॉक याने केले आणि स्मिथ दुसऱ्या बेसपाशी घुटमळला. आपण त्या सोंगाला फसलो नव्हतो, असे स्मिथचे म्हणणे होते. कारण काहीही असो, तो तिसऱ्या बेसपर्यंतच पोचला. एकही बाद नाही आणि दोन धावपटू घराच्या वाटेवर, अशी ती स्थिती होती. रॉन गँट जमिनीलगतच्या फटक्यावर बाद झाला. डेव्हिड जस्टिसला मुद्दाम पहिला बेस बहाल करून तिन्ही बेस भरून घेतले गेले. मग सिड ब्रीमचा फटका थेट पहिल्या बेसवरच्या मिनेसोटाच्या केंट हर्बेककडे गेला. त्याने तो होम प्लेटवर फेकला, तिथून तो पुन्हा त्याच्याच हाती आला आणि एका चेंडूवर दोघे बाद झाले. त्याच इनिंगमध्ये मिनेसोटाचेही तिन्ही बेस भरले होते. तीही संधी अशाच दुहेरी बादीत गेली.

मिनेसोटाचा पिचर (चेंडू टाकणारा खेळाडू) जॅक मॉरिस ३६ वर्षांचा होता आणि शेजारच्याच सेंट पॉलमध्ये जन्मला होता. नऊ इनिंगांनंतर व्यवस्थापक टॉम केली त्याला विश्रांती देण्याच्या विचारात होते, पण मॉरिस थांबायला तयार नव्हता. त्याने दहावी इनिंगही टाकली. एकूण १२६ चेंडू, शून्य धावा. एवढ्या दडपणाखाली एका माणसाने केलेली इतकी मोठी पिचिंग बेसबॉलच्या इतिहासात फार थोडी सापडेल. समोर अटलांटाचा पिचर, २४ वर्षांचा जॉन स्मोल्ट्झ होता. मिशिगनमध्ये वाढलेल्या स्मोल्ट्झने लहानपणी डेट्रॉइट संघात खेळणाऱ्या याच मॉरिसला आदर्श मानले होते. आठव्या इनिंगमध्ये मैदान सोडेपर्यंत त्यानेही एकही धाव दिली नव्हती.

दहाव्या इनिंगमध्ये मिनेसोटाच्या डॅन ग्लॅडनची बॅट फटक्यासरशी मोडली, तरी कृत्रिम हिरवळीवर चेंडू उंच उसळला आणि तो दुसऱ्या बेसपर्यंत धावला. नॉब्लॉकने बंटवर, म्हणजे बॅट न फिरवता चेंडू हलकेच जवळ ढकलून, स्वतः बाद होऊन त्याला तिसऱ्यावर नेले. अटलांटाने पुढच्या दोघांना मुद्दाम बेस दिले, कारण तिन्ही बेस भरले की धावपटूला हात न लावताही होम प्लेटवर बाद करता येते. लांब झेलसुद्धा धाव देऊन गेला असता, म्हणून बाहेरचे क्षेत्ररक्षक पुढे सरकले होते. गुडघा दुखावलेला जीन लार्किन बदली फलंदाज म्हणून आला आणि त्याने चेंडू त्यांच्या डोक्यावरून मारला. ग्लॅडनने होम प्लेटवर पाय ठेवला तेव्हा मॉरिस तिथेच त्याची वाट पाहत उभा होता.

मालिकेतील सर्वोत्तम खेळाडूचा मान मॉरिसला मिळाला. हॉल ऑफ फेममध्ये स्मोल्ट्झ २०१५ मध्ये, तर मॉरिस २०१८ मध्ये दाखल झाला.