विंडोज सुरू होण्याआधी

चतुर्थीला डिचोली, पेडणे, सत्तरीतल्या मूळ घरी गेलेली मंडळी आठवड्याने पणजी-म्हापशाच्या फ्लॅटवर परततात, डेस्कटॉप सुरू करतात आणि बँकेची साइट काही उघडत नाही. ब्राउझर म्हणतो, जोडणी सुरक्षित नाही. दुसरी साइट उघडून पाहावी तर तेच. मग नेटवाल्याला फोन जातो. पण स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यात नीट पाहिलं तर तारीख कित्येक वर्षं मागे गेलेली असते. प्रत्येक साइटच्या सुरक्षा प्रमाणपत्राला अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत अशी मुदत असते. संगणकाच्या हिशेबाने ती मुदत अजून सुरूच झालेली नाही, म्हणून तो साइट उघडायला नकार देतो. नेटचा यात काही दोष नाही. मदरबोर्डवरचा एक छोटा सेल संपलेला असतो, आणि त्याची किंमत भाजी-पावाच्या बशीपेक्षा फार नसते.

या सेलवर सीआर 2032 असं कोरलेलं असतं. व्यास 20 मिलिमीटर, जाडी 3.2 मिलिमीटर, दाब 3 व्होल्ट. संगणक बंद असताना आतलं घड्याळ चालू ठेवणं हे त्याचं काम. त्या घड्याळाला ठोका देणारा क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला 32,768 वेळा कंप पावतो. हा आकडा मुद्दाम निवडलेला आहे. तो पंधरा वेळा निम्मा केला की बरोबर एक उरतो, आणि निम्मं करणं हे डिजिटल सर्किटसाठी अगदी सोपं काम. एवढ्या साध्या यंत्रणेला वीज लागते ती जेमतेम काही मायक्रोअँपिअर. सेलची क्षमता सुमारे 220 मिलिअँपिअर-तास असते. घड्याळ 5 मायक्रोअँपिअर खातं असं धरलं तर 44,000 तास निघतात, म्हणजे पाच वर्षं.

प्रत्यक्षात सेल याहून जास्त टिकू शकतो, कारण प्लग जोडलेला आणि भिंतीवरचं बटण चालू असेल तर घड्याळ सेलला जवळजवळ हातच लावत नाही. संगणक बंद दिसला तरी पॉवर सप्लाय मदरबोर्डला 5 व्होल्टचा थोडा पुरवठा करत राहतो आणि घड्याळ त्यावर चालतं. आपल्याकडे मात्र मे महिन्याच्या शेवटी वळवाच्या विजा कडाडायला लागल्या की टीव्हीपासून संगणकापर्यंत सगळे प्लग ओढून काढतात. ते योग्यच आहे. जवळ पडलेल्या विजेपुढे भिंतीवरच्या बटणाचा काही पाड लागत नाही, प्लगच निघालेला हवा. पण तेवढे सगळे तास घड्याळाचा भार सेलवर पडतो. रोज रात्री भिंतीवरचं बटण बंद करणाऱ्या घरात सेल लवकर उतरतो आणि चतुर्थीची सुटी त्याला शेवटचा धक्का देते.

सेल बदलायला मेकॅनिकची गरज नाही. प्लग काढा, मग पॉवरचं बटण एकदा दाबून आत साठलेली वीज जाऊ द्या. कॅबिनेटची बाजू उघडल्यावर आतल्या कशालाही हात लावण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज तिथे उतरते. सेल बहुतेक वेळा ग्राफिक्स कार्डाच्या खालच्या अंगाला दडलेला असतो. त्याच्या कडेची धातूची बारीक पट्टी नखाने बाजूला सारली की तो टपकन वर उचलला जातो. नवा बसवताना अधिक चिन्हाची, अक्षरं कोरलेली बाजू वर. मिरामार, हरमल अशा किनाऱ्यालगतच्या घरांत या पट्टीवर कधी कधी पांढरट-हिरवट थर दिसतो. ती बुरशी नसते. खाऱ्या, दमट हवेने धातू खाल्ल्याची ती खूण. पेन्सिलीच्या खोडरबराने हलकेच घासून तो काढा आणि रबराचा चुरा झटकून टाका. हे राहून गेलं तर नवा सेल घालूनही तारीख मागे जाते, आणि लोक उगाच मदरबोर्डला दोष देतात.

एके काळी याच सेलवर घड्याळाबरोबर संगणकाच्या सेटिंग्जही जगत. 1984 च्या आयबीएम पीसी एटीमध्ये मोटोरोलाची घड्याळ-चिप होती. तिच्यात जागा 64 बाइट. त्यातले 14 घड्याळाच्या कामाला गेले की उरत 50. फ्लॉपी ड्राइव्ह कोणते, हार्ड डिस्क कोणत्या जातीची, मेमरी किती, हे सगळं त्या 50 बाइटांत बसवलेलं होतं. आजच्या बऱ्याच मदरबोर्डांवर सेटिंग्ज एका आठ पायांच्या फ्लॅश चिपमध्ये लिहिल्या जातात. ही चिप साधारण 16 किंवा 32 मेगाबाइटची असते आणि लिहिलेलं टिकवायला तिला सेल लागत नाही.

फर्मवेअर, म्हणजे विंडोजच्याही आधी चालणारा प्रोग्रॅम, राहतं ते याच चिपमध्ये. आपण बटण दाबतो तेव्हा रॅम कोरी असते. विंडोज म्हणजे काय, डिस्क म्हणजे काय, प्रोसेसरला काही ठाऊक नसतं. त्याला उपजत एकच गोष्ट माहीत असते: 4 गिगाबाइटच्या हद्दीच्या 16 बाइट अलीकडे जो पत्ता आहे, तिथली सूचना वाचायची आणि पुढे चालू लागायचं. 1985 च्या 386 प्रोसेसरपासून डेस्कटॉपच्या प्रोसेसरांनी हा पत्ता सांभाळला आहे. मदरबोर्डने तो फ्लॅश चिपकडे वळवलेला असतो. तिथून निघालेलं फर्मवेअर मेमरी जागी करतं, कीबोर्ड, ग्राफिक्स, डिस्क तपासतं आणि मगच विंडोजला किंवा लिनक्सला हाक मारतं. मला या काही सेकंदांचं फार आकर्षण आहे. स्वतःविषयी काहीच माहीत नसलेलं यंत्र एकेक भाग ओळखत उभं राहतं, आणि हे रोज आपल्या टेबलाखाली घडतं.

जुन्या फर्मवेअरला बायोस म्हणत. हे नाव 1970 च्या दशकात गॅरी किल्डॉल यांच्या सीपी/एम या ऑपरेटिंग प्रणालीतून आलं. नव्याला यूईएफआय म्हणतात. त्याची सुरुवात इंटेलने 1990 च्या दशकात इटॅनियम प्रोसेसरसाठी केली आणि 2005 पासून अनेक कंपन्यांचा मिळून बनलेला मंच ते सांभाळतो. जुन्या पद्धतीने विभागलेल्या डिस्कवर साधारण 2 टेराबाइटपलीकडची जागा वापरता येत नसे. नव्या पद्धतीत ती अडचण राहिली नाही. बाजारात मात्र सगळे दोन्हींना बायोसच म्हणतात, मीही इथे तेच म्हणतो.

सरकारच्या सायबरएज योजनेतून विद्यार्थ्यांच्या घरी डेस्कटॉप आले, तेव्हाचा बायोसच्या सेटिंग्जचा तो निळा पडदा गोव्यात अनेकांना आठवत असेल. ‘त्याला हात लावू नको’ हे तेव्हा घराघरांत ऐकू येई. ती भीती अजून गेलेली नाही, आणि मला तिचं वाईट वाटतं. तिथल्या बहुतेक गोष्टी उलट फिरवता येतात. सांभाळून वागावं लागतं ते मोजक्याच ठिकाणी.

बायोसच्या आत जाण्यासाठी संगणक सुरू होताच डिलीट किंवा एफ 2 ही कळ पुन्हा पुन्हा दाबायची. स्वतः जोडून घेतलेल्या यंत्रांवर बहुधा डिलीट चालते. तयार मिळणाऱ्यांत डेलवर एफ 2, एचपीवर एफ 10, लेनोव्होच्या अनेक डेस्कटॉपांवर एफ 1. नव्या यंत्रांवर ही संधी इतकी थोडा वेळ असते की ती हुकतेच. त्याला सोपा उपाय आहे. विंडोजमध्ये शिफ्टची कळ धरून रीस्टार्टवर क्लिक करा, मग ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज या वाटेने जा. संगणक पुन्हा सुरू होताना थेट बायोसमध्ये उघडतो. इथे शट डाउन उपयोगाचं नाही. विंडोजच्या फास्ट स्टार्टअपमुळे ते पूर्ण बंद होणं नसतं. ब्लूटूथचा कीबोर्ड या टप्प्यावर सहसा चालत नाही, तेव्हा तारेचा घ्या.

आत गेल्यावर आधी मोबाइलने प्रत्येक पानाचा फोटो काढा. मग एका वेळी एकच गोष्ट बदला आणि एफ 10 दाबून साठवा. चुकून भलतीकडे बोट गेलं असं वाटलं तर न साठवता बाहेर पडा, काहीही बदलत नाही. पेनड्राइव्हवरून नवी प्रणाली बसवायची असेल तर बूटचा, म्हणजे आधी कोणत्या डिस्कवरून सुरू व्हायचं याचा, क्रम बदलण्याचीही गरज नाही. सुरू होताना एफ 12, एफ 11 किंवा एफ 8 दाबलं की फक्त त्या वेळेपुरती यादी येते.

गोव्यातल्या वापरणाऱ्याने सगळ्यात आधी पाहावी अशी सेटिंग म्हणजे ‘रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस’. ती पॉवरच्या किंवा चिपसेटच्या पानावर असते, नाव थोडंफार वेगळं असू शकतं. गेलेली वीज परत आली की संगणकाने काय करायचं हे ती ठरवते: बंद राहायचं, आपणहून सुरू व्हायचं, की आधी ज्या स्थितीत होता तीत जायचं. पावसाळ्यात आपल्याकडे वीज एकदाच जाते असं नाही. ती जाते, येते, मिनिटभरात पुन्हा जाते. ‘सुरू व्हायचं’ निवडलेला संगणक प्रत्येक वेळी उठतो आणि अर्ध्या वाटेवर पुन्हा पडतो. डिस्कवर काही लिहिलं जात असताना असं झालं की फाइली खराब होतात. म्हणून घरी ‘पॉवर ऑफ’ ठेवा. वीज स्थिरावली की आपण बटण दाबू. सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग चालणाऱ्या दुकानातल्या संगणकाला मात्र ‘पॉवर ऑन’च हवं, पण सोबत यूपीएसही हवा.

इन्व्हर्टर आहे, मग यूपीएस कशाला, असं पुष्कळ जण विचारतात. वीज गेल्यावर संगणकाचा पॉवर सप्लाय आतल्या कपॅसिटरवर पूर्ण भाराला साधारण 16-17 मिलिसेकंद तग धरतो. आपल्या 50 हर्ट्झ विजेचं एक आवर्तन 20 मिलिसेकंदांचं, म्हणजे ही सवड एका आवर्तनाचीही नाही. घरगुती इन्व्हर्टर साध्या मोडवर असेल तर बॅटरीवर यायला त्याला यापेक्षा जास्त वेळ लागू शकतो. दिवे एकदा लुकलुकून चालू राहतात आणि संगणक तेवढा रीस्टार्ट होतो. अनेक इन्व्हर्टरांच्या मागे यूपीएस मोडचं बटण असतं. ते लावलं की हा खंड कमी होतो आणि बऱ्याच घरांत तेवढ्यानेच काम भागतं.

दुसरी पाहण्यासारखी गोष्ट मेमरी. खोक्यावर 3200 लिहिलेली डीडीआर 4 रॅम विकत घेतली, तरी सांगितल्याशिवाय ती बहुधा 2133 किंवा 2400 वर चालते. कंपनीने तपासलेला वेग रॅमच्या पट्टीवरच्या एका छोट्या चिपमध्ये नोंदलेला असतो. बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्सपो नावाची सेटिंग चालू केली की तो लागू होतो. पैसे मोजलेला वेग वापरला जात नसेल तर वाईटच, म्हणून हे एकदा जरूर पाहा. डीडीआर 5 वर हा बदल केल्यावर पडदा काही मिनिटं काळा राहू शकतो. त्या वेळी फर्मवेअर मेमरीशी जुळवणी करत असतं. घाबरून वीज बंद करू नका.

आता सांभाळायच्या जागा. डिस्कचा मोड, म्हणजे एएचसीआय की रेड, विंडोज बसवल्यानंतर बदलू नका. पुढच्या वेळी ती चूक दाखवणाऱ्या निळ्या पडद्यावर अडकते. व्होल्टेजचे आकडे पूर्ण माहितीशिवाय वाढवू नका. विंडोज 11 ला सिक्युअर बूट आणि टीपीएम 2.0 या सुरक्षेच्या दोन सोयी लागतात आणि 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा आधार संपल्यामुळे अनेक जण आता ही दोन्ही बटणं शोधत आहेत. इंटेलच्या बोर्डवर टीपीएम बहुधा पीटीटी नावाने सापडतं, एएमडीच्या बोर्डवर एफटीपीएम. पण डिस्क विंडोजच्या बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर यातला बदल होताच विंडोज 48 अंकी रिकव्हरी की मागते. नव्या यंत्रांवर हे कुलूप मालकाच्या नकळतही लागलेलं असू शकतं. ती की आधी कागदावर उतरवून घ्या. ती हरवली तर फोटो, हिशेब, मुलांचे प्रकल्प यांतलं काहीही परत मिळत नाही.

एखाद्या बदलानंतर संगणक उठलाच नाही तर प्लग काढून मदरबोर्डवरच्या क्लिअर सीमॉस लिहिलेल्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने काही सेकंद जोडा. नेमकी जागा बोर्डाच्या पुस्तिकेत असते. सेटिंग्ज कारखान्यातल्यासारख्या होतात. तारीख, मेमरीचा वेग आणि वीज परत आल्यावर काय करायचं हे सगळं पुन्हा भरावं लागतं. त्या वेळी मोबाइलमधले फोटो उपयोगी पडतात.

बायोसचं अपडेट ही यापेक्षा वेगळी गोष्ट आहे, कारण तिथे चिपमधलं मूळ फर्मवेअरच पुसून नवं लिहिलं जातं. त्या काही मिनिटांत वीज गेली तर अर्धवट लिहिलेली चिप उरते आणि प्रोसेसरला पहिल्या पत्त्यावर काही धड सापडत नाही. ही अवस्था जगाने 26 एप्रिल 1999 ला मोठ्या प्रमाणावर पाहिली. त्या दिवशी सीआयएच या व्हायरसने अनेक देशांतल्या संगणकांच्या फ्लॅश चिप खराब केल्या आणि ती यंत्रं बटण दाबूनही उठेनात. आज काही बोर्डांवर दुसरी राखीव चिप असते, काहींच्या मागे पेनड्राइव्ह लावून नुसत्या बटणाने फर्मवेअर पुन्हा भरायची सोय असते. तुमच्या बोर्डवर यातलं काही आहे का, हे अपडेटआधी पाहून ठेवा. फाइल फक्त बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून आणि त्याच मॉडेलची घ्या. नावातलं एक अक्षर वेगळं असलं तरी ती चालत नाही. नवा प्रोसेसर बसवायचा असेल किंवा सुरक्षेतली त्रुटी बुजवायची असेल तर अपडेट करावंच. मात्र ते यूपीएसवर करा, आणि जून-जुलैत ढग गडगडत असतील तर डिसेंबरपर्यंत थांबता येतं का ते पाहा.