साष्टीतला इंग्रज पाद्री आणि अकरा हजार ओव्या

दरवर्षी मराठी भाषा दिन आला की मोबाइलवर एक ओवी फिरायला लागते, खड्यांमध्ये जसं रत्न तशी भाषांमध्ये मराठी, अशा अर्थाची, आणि खाली फादर स्टीफन्सचं नाव. इंग्रज माणूस असून आपल्या भाषेवर केवढं प्रेम, असं म्हणून आपण ती पुढे ढकलतो. प्रेम होतंच, नाही कोण म्हणतंय, पण एका परदेशी मिशनऱ्याने येशूची कथा ओवीत, ‘ख्रिस्तपुराण’ म्हणून का लिहिली याच्यामागे बरंच काय काय घडलेलं आहे आणि ते काही फार गोड नाहीये.

थॉमस स्टीफन्स मूळचा इंग्लंडमधल्या विल्टशायरचा. तिकडे त्या काळात कॅथलिक असणं धोक्याचं, म्हणून हा रोमला जाऊन जेझुइट (कॅथलिक पाद्र्यांचा एक संघ) झाला आणि 1579 च्या ऑक्टोबरमध्ये जहाजाने गोव्यात उतरला. नंतरचं जवळपास सगळं आयुष्य साष्टीत, म्हणजे मडगाव-रायतूरच्या पट्ट्यात गेलं, 1619 मध्ये वारला तोही गोव्यातच.

पण तो आला तेव्हा साष्टी कशी होती ते बघा. 1560 ला गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, सुरू झालेलं. 1567 च्या सुमारास साष्टीतली देवळं पाडून झालेली, मंगेशी आणि शांतादुर्गा त्याच्या आधीच नदीपलीकडे अंत्रुजात नेलेल्या (आज आपण फोंड्याला जी देवळं बघायला जातो ती तिथे का आहेत याचं उत्तर हेच). पोथ्या जप्त, कथा-पुराणं बंद. 1583 मध्ये कुंकळ्ळीच्या लोकांनी पाच जेझुइटांना ठार मारलं, त्यात अकबराच्या दरबारात राहून आलेला रुडॉल्फ आक्वाविवाही होता, आणि मग पोर्तुगीजांनी तिथल्या गावकऱ्यांना बोलणी करायला म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून मारलं. त्या पाच जेझुइटांचे मृतदेह ताब्यात घ्यायला जो पाद्री गेला तो हाच स्टीफन्स.

आता पुराणाची सुरुवात वाचा म्हणजे मला काय म्हणायचंय ते कळेल. रविवारची संध्याकाळ, देवळात (म्हणजे चर्चमध्ये, पण तो शब्द देऊळच वापरतो) पाद्री मुलांना दोत्रिना, म्हणजे ख्रिस्ती धर्माचे धडे, शिकवतोय, तेवढ्यात नवख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण येऊन म्हणतो की हे सगळं ठीक आहे हो, पण आमची पहिली पुराणं तुम्ही बंद केलीत, मग वेळ घालवायला दुसरं पुराण का नाही देत? मला हा पुस्तकातला सगळ्यात खरा क्षण वाटतो. धर्म बदलला तरी संध्याकाळी बसून ओव्या ऐकायची सवय कुठे जाणार! लोकांनी मागितलं म्हणून पुराण आलं, असं खुद्द कवीच सांगतोय.

मग त्याने दिलं ते अगदी आपल्या वळणाचं. पैलें पुराण आणि दुसरें पुराण असे दोन भाग, 36 आणि 59 अध्याय, आणि अध्यायाला शब्द ‘अवस्वरू’. ओव्या जवळपास 11 हजार, साडेतीन चरणांच्या, पहिल्या तिन्हींना यमक. स्वर्गाला सरळ ‘वैकुंठ’ म्हणतो. प्रस्तावनेत सांगतो की शुद्ध मराठी ‘मध्यम लोकांना’ कळत नाही म्हणून जुन्या कवींचे अवघड शब्द टाळून ब्राह्मणांच्या भाषेतले, म्हणजे कोंकणीतले, सोपे शब्द मधेमधे घातलेत. श्रोता कोण आहे हे त्याला पक्कं माहीत होतं.

असं करणारा तो एकटा नव्हता, त्याच काळात मदुराईला नोबिली नावाचा इटालियन जेझुइट भगवी वस्त्रं घालून संन्याशासारखा राहत होता आणि त्यावरून चर्चमध्येच भांडणं झाली, शेवटी 1623 ला पोपने मध्ये पडून त्याला परवानगी दिली. गोव्यात वारं उलटं फिरलं. 1684 मध्ये व्हाइसरॉयने फर्मान काढलं की लोकांनी कोंकणी सोडून पोर्तुगीज बोलावं.

छपाईचा किस्सा तर अजून भारी आहे. गोव्यात छापखाना 1556 पासून, पण देवनागरी खिळे नाहीत. 1608 च्या पत्रात स्टीफन्स रोमला लिहितो की या भाषेत, या लिपीत पुस्तकं छापलेली बघायची खूप वर्षांची इच्छा आहे, पण युरोपात 24 अक्षरांत भागतं आणि इथे 600 साचे लागतील. म्हणून 1616 ला रायतूरला ख्रिस्तपुराण छापलं ते रोमन लिपीत, पोर्तुगीज धाटणीने, ट साठी टी दोनदा आणि ण साठी एन दोनदा. 1649 आणि 1654 ला पुन्हा छापलं, पण या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज शिल्लक नाही. टिकली ती हाताने उतरवलेली बाडं. त्यावरून 1907 मध्ये मंगळूरला सालढाणांनी आवृत्ती काढली, तीही रोमनमध्येच. मग 1920 च्या दशकात लंडनच्या एका संग्रहात चक्क देवनागरी हस्तलिखित सापडलं, आणि ते शोधणारा जस्टिन ॲबट पुन्हा मिशनरीच, अमेरिकन मराठी मिशनचा, आपल्या संतकवींची इंग्रजी भाषांतरं करणारा.

आणि छापील देवनागरीत अख्खं ख्रिस्तपुराण आलं ते पुण्यात, शांताराम बंडेलूंनी काढलेलं, 1956 साली. म्हणजे त्या 600 साच्यांच्या पत्रानंतर 348 वर्षांनी.