जिंग के आणि झांग लिआंग: एकाच माणसावरचे दोन फसलेले हल्ले

चीनचा पहिला सम्राट छिन शी हुआंग याच्यावरचे दोन हल्ले विशेष गाजले आणि बरेचदा त्यांची सरमिसळ होते. खंजीरवाला जिंग के, घणवाला झांग लिआंग.

जिंग केचा हल्ला इ.स.पू. २२७ मधला. तेव्हा छिन शी हुआंग सम्राट झालाच नव्हता. तो छिन राज्याचा राजा झेंग होता आणि एकेक शेजारी गिळत सुटला होता. यान राज्याचा युवराज दान याने जिंग केला नजराणे देऊन छिनची राजधानी शिआनयांगला धाडलं: छिनमधून फुटून आलेल्या सेनापती फान वूजीचं मुंडकं (त्याने ते स्वखुशीने दिलं होतं!) आणि दूखांग या प्रदेशाचा नकाशा. नकाशाच्या गुंडाळीत विषारी खंजीर. सोबतचा छिन वुयांग दरबारात पोचताच थरथरू लागला, त्यामुळे नकाशा जिंग केनेच पुढे नेला. गुंडाळी संपली, खंजीर दिसला, त्याने राजाची बाही धरली आणि बाहीच फाटली. पुढचा प्रकार भयंकर आणि काहीसा हास्यास्पद. राजाची लांब तलवार म्यानातून निघेना. दरबाऱ्यांना शस्त्रबंदी. पहारेकरी पायऱ्यांखाली, हुकमाशिवाय वर यायची मुभा नाही. राजा खांबाभोवती पळतोय! राजवैद्य शिआ वूजूने औषधांची पिशवी फेकून मारली, तलवार पाठीवर ढकला असं कुणीतरी ओरडलं, तेव्हा कुठे ती निघाली. राजाने मांडीवर वार केला. जिंग केने फेकलेला खंजीर खांबावर आदळला.

मरताना तो म्हणाला, राजाला जिवंत धरून वचन घ्यायचं होतं, म्हणून डाव हुकला. ही पश्चातबुद्धी नव्हे. आधी धमकावून जिंकलेले प्रदेश परत मिळवायचे, न जमल्यास मारायचं, असंच दानने सांगितलं होतं. माझ्या मते डाव तिथेच कच्चा होता.

इ.स.पू. २१८ च्या हल्ल्यात असली दुविधा नव्हती. झांग लिआंगच्या घराण्याने हान राज्यात पिढ्यान्‌पिढ्या मंत्रिपद सांभाळलं होतं आणि ते राज्य छिनने बुडवलं होतं. त्याने घरचा पैसा ओतून एक बलदंड माणूस मिळवला, त्याच्यासाठी १२० जिनांचा, म्हणजे सुमारे ३० किलोचा, लोखंडी घण घेतला आणि आजच्या हनान प्रांतातल्या बोलांगशा इथे सम्राटाच्या ताफ्यावर तो फेकवला. तो लागला मागच्या दुसऱ्याच रथाला. देशभर १० दिवस शोध चालला. झांग लिआंग नाव बदलून शिआपीला लपला.

जिंग केच्या हल्ल्याची किंमत यानने मोजली: पुढच्याच वर्षी राजधानी पडली, दानला त्याच्याच बापाने मारवलं आणि इ.स.पू. २२२ मध्ये राज्य संपलं. झांग लिआंग मात्र छिनविरुद्ध उठलेला बंडखोर नेता लिऊ बांग याचा सल्लागार झाला, छिन साम्राज्य कोसळताना त्याच्यासोबत शिआनयांगमध्ये शिरला, आणि राजवाड्याच्या थाटाला भुललेल्या लिऊ बांगला तिथे मुक्काम न करता छावणीत परतायला त्यानेच लावलं.