आर्मेनियन नरसंहार : आठवणींचे अनुवाद

ऑटोमन साम्राज्यात 1915 पासून झालेल्या आर्मेनियन नरसंहारातून जे वाचले, त्यांच्यातल्या अनेकांनी आपल्या आठवणी लिहून ठेवल्या. त्या दुसऱ्या भाषांत आणण्याच्या कामाची ही नोंद. बहुतेक लेखन पश्चिम आर्मेनियन भाषेत, म्हणजे ऑटोमन साम्राज्यातील आर्मेनियनांच्या भाषेत आहे. ती बोलणारेच मारले गेले किंवा परागंदा झाले आणि वाचणारे घटत गेले. 2010 मध्ये युनेस्कोने या भाषेची गणना धोक्यातील भाषांत केली. आजोबांची वही घरात आहे, पण ती वाचता येणारे कोणी नाही, अशा घरांना अनुवाद हाच आधार उरतो.

वेळ फार जातो. धर्मगुरू ग्रिगोरिस बालाकियान यांच्या आठवणींचा पहिला भाग 1922 मध्ये व्हिएन्नात, दुसरा 1959 मध्ये पॅरिसमध्ये छापला गेला. इंग्रजी अनुवाद आला 2009 मध्ये.

पहिली अडचण तारखांची. त्या काळचे लेखक बहुधा जुन्या, ज्युलियन दिनदर्शिकेची तारीख देतात, ती आजच्या दिनदर्शिकेपेक्षा 13 दिवस मागे असते. कॉन्स्टँटिनोपलमधील (आजचे इस्तंबूल) आर्मेनियन विचारवंतांची धरपकड सुरू झाली ती 24 एप्रिल 1915 ची रात्र, जुन्या गणनेने 11 एप्रिल. इथे वार कामी येतो, कारण तो दोन्ही गणनांत एकच असतो. मजकुरात ‘11 एप्रिल, शनिवार’ असेल तर तारीख जुनी आहे हे नक्की. नव्या गणनेने 11 एप्रिलला रविवार होता. मूळ तारीख तशीच ठेवून नवी टीपेत द्यावी. गुपचूप बदलली, तर तारेच्या किंवा वकिलातीच्या कागदांशी ताडून पाहताना सगळाच हिशेब चुकतो.

शब्दांच्या बाबतीत तर अधिकच जपावे लागते. वाचलेले लोक ‘आक्सोर’ म्हणतात, म्हणजे हद्दपारी. सरकारी तुर्की शब्द ‘तेहजिर’. दोन्हींसाठी ‘स्थलांतर’ लिहिले की बंदुकीच्या धाकाने वाळवंटात हाकललेली माणसे आपणहून निघाल्यासारखी वाटतात. उलट चूकही होते: ‘जेनोसाइड’ (नरसंहार) हा शब्द कायदेतज्ज्ञ राफाएल लेमकिन यांनी 1944 मध्ये घडवला, तेव्हा 1922 च्या लेखकाच्या तोंडी तो घालता येत नाही. त्याचा शब्द ‘येघेर्न’ (घोर अपराध) असेल, तर तो ठेवून अर्थ टीपेत द्यावा.

नावांचाही गोंधळ होतो. एकच अक्षरे पूर्व आर्मेनियन (आजच्या आर्मेनियातील भाषा) वाचक ‘ग्रिगोर’ वाचतो, पश्चिम आर्मेनियन ‘क्रिकोर’. ग्रंथालयांच्या याद्यांत एका माणसाची दोन माणसे होतात. लेखक दिक्रानागेर्द म्हणतो ते दियारबकीर, सेबास्तिया म्हणजे सिवास. लेबनॉनमधील आंतुरा अनाथालयात तर मुलांची नावे पुसून तुर्की नावे आणि क्रमांक दिले गेले. तिथे राहिलेल्या कार्निग पानियान यांच्यासारख्यांचे लिखाण अनुवादताना दोन्ही नावे जपावी लागतात, कारण नाव हिरावले जाणे हीच तिथली घटना आहे.

या आठवणींत शिपायांचे हुकूम पुष्कळदा तुर्कीतच, पण आर्मेनियन लिपीत लिहिलेले असतात. आर्मेनियन समजून वाचले तर अर्थ लागत नाही. असे वाक्य उच्चारानुसार तसेच ठेवून शेजारी अर्थ द्यावा. हुकूम परक्या भाषेत आला, हे वाचकाच्या कानावर पडले पाहिजे.

कच्चा अनुवाद झाला की दुसऱ्या जाणकाराने मूळ मोठ्याने वाचावे आणि अनुवादकाने आपला मजकूर ओळीगणिक ताडावा. गळलेले वाक्य असेच सापडते. मूळात ‘मुलींना नेले’ एवढेच असेल, तर अनुवादातही तेवढेच राहू द्यावे.